तलवाड्याचा पांढरा पट्टा

सिरसाळा,
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय बजरंग,

नमस्कार. चौदा वर्षांनी पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस की नाही, ठाऊक नाही. ओळखूनही फोडलं असशील, तर आभार.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे धरलेत, तरी सोमवारचं वैजनाथाचं दर्शन सोडत नाही. कापडाचं दुकान आता धाकटा अमरनाथ सांभाळतो. थोरला म्हणून मी दुपारी बसतो आणि गिऱ्हाईक नसलं की रोजनिशी लिहितो. ते व्यसन तसंच आहे. तू चिडवायचास, "जेवलास ते लिहिलंस का बे? मग आता ढेकर लिही." तोही लिहिलेला आहे.

पत्राचं कारण सांगतो. तायक्वांदोच्या आपल्या केंद्रीय मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. भांडून वेगळे झालेले दोन्ही गट एकदाचे एकत्र आले, म्हणून मंडळाचा इतिहास छापायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कागद जपणारा माणूस अशी माझी ख्याती. पंधरा तारखेला मजकूर छापखान्यात जाईल. त्यात तुझ्याबद्दल एक ओळ आहे. त्या ओळीसाठी लिहितो आहे. पण आधी दुसरं सांगतो, थोडा धीर गोळा होऊ दे.

मंडळानं इतिवृत्तांची एक पेटी पाठवली. सगळ्यात तळाशी शाळेची चाळीस पानी वही, पेन्सिलीनं लिहिलेली. एका सूतगिरणीत यंत्रं बसवायला आलेला कोरियन माणूस पाळी संपली की गच्चीवर नऊ कामगारांना शिकवायचा. दोन वर्षांनी तो परत गेला आणि त्या नऊ जणांनी मंडळ स्थापन केलं. ना सभागृह, ना गाद्या, ना अध्यक्ष. पहिला ठराव फक्त इतका: "वर्ग सुरू होताना शिकवणाऱ्याने आधी वाकावे."

बजरंग, हे वाचून मी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिलो. आपण पोरं सरांसमोर नमस्काराला वाकतो ते ठीक. पण ज्याला येतं त्यानं आधी वाकायचं, हे त्या नऊ जणांना सगळ्यात आधी सुचलं! पुढे वह्या जाड होत गेल्या. एकोणीसशे त्र्याण्णवच्या वहीत जिल्ह्यांच्या यादीत 'बीड' पहिल्यांदा आलं. त्याच वर्षी परळीला शाळेच्या पटांगणात परमेश्वर सरांनी आपल्याला रांगेत उभं केलं होतं. चौदा वर्षांचे होतो. आपण उभे होतो ती रांग त्या गच्चीपासून चालत आलेली होती, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

शेवटच्या अठरा वर्षांच्या वह्याही वाचल्या. निवडणुका, तारखा, स्थगिती, पुन्हा निवडणुका. त्यात 'लाथ' हा शब्द एकदाही सापडला नाही.

आता ती ओळ. "२०११: बीडचे प्रशिक्षक बजरंग यांनी जिल्हा संघटनेस अंधारात ठेवून संघ अमान्य स्पर्धेस नेला. निलंबित." जुन्या कागदावरून उतरवून घ्यायची होती. त्याखाली जिल्हा सचिव म्हणून सही माझी आहे, हे तुला सांगायला नको.

उतरवताना हात थांबला. का थांबला, त्याची खरी कारणं दोन.

पहिलं जानेवारीतलं. पुण्याला निघालो होतो, इंदापूरच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. डोक्यावर मोळ्या घेऊन बायका-माणसं फळीवरून ट्रकमध्ये चढत होती आणि सगळी एका सुरात मोजत होती. हाना, दुल, सेत, नेत, तासत. आपल्या वर्गातलं कोरियन एक ते पाच. पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाच भास होतोय. जवळ गेलो. पाणी प्यायला थांबलेल्या एका बाईंना विचारलं. छबुबाई नाव सांगितलं, गाव तलवाडा, तू असतोस ते.

"मावशी, हे कुठलं मोजणं?"

"आमच्या सरांचं. पोरं तिथं शिकत्यात, घरी येऊन बडबडत्यात. आमाला बी पाठ झालं."

"पण मराठी सोडून हे कावून?"

"मराठीत मोजलं की वजन कळतंय, दादा," त्या म्हणाल्या. "ह्यात कळत न्हाई." आणि हसत पुन्हा मोळी उचलली.

पन्नास वर्षांत कुठल्या मंडळाला, कुठल्या अध्यक्षाला हे जमलं असतं? कोरियातले आकडे गेवराई तालुक्यातून उसाच्या फडात गेले, आणि नेले कुणी, तर ज्याचं नाव आम्ही खोडलं त्यानं.

दुसरं कारण फेब्रुवारीतलं. मी तलवाड्याला येऊन गेलो. तुला दिसलो नाही, कारण दिसायचं नव्हतं. शाळेच्या मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभा होतो. साठेक पोरं असतील. तू आलास. समोर उभा राहिलास, आणि त्यांच्या आधी तू वाकलास. ती पेन्सिलीची वही तू पाहिलेली नाहीस. मग हे तुला कुणी सांगितलं होतं?

आणि तुझ्या कमरेला पांढरा पट्टा! पहिल्या दिवशीच्या पोराला देतात तो. मला वाटलं उन्हानं डोळे दिपले. उशिरा आलेली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी माझ्या शेजारीच पट्ट्याची गाठ मारत होती. संस्कृती नाव. तिला विचारलं, "तुमच्यात सगळ्यात मोठा पट्टा कोणता गं?"

"पांढरा."

"आणि काळा?"

"काळा आरोहीताईचा. पांढरा फकस्त सरांचा हाय. लई वर्सं लागत्यात त्याला." आणि माझ्याकडे कीव करून बघत म्हणाली, "तुमाला कुटला हाय?"

तेवढ्यात २०११च्या संघातल्या आरोहीनं मला ओळखलं. दोन लेकरांची आई झाली, पण आवाज तोच खणखणीत. जवळ येऊन म्हणाली, "सर, आत या की. रांगेत जागा हाय." ज्या मुलीचं पदक मी मातीत घातलं, तिनं मला जागा देऊ केली. मी एसटीची वेळ सांगून पळालो. एसटीला अजून दीड तास होता.

आता उरलेलं लिहितो.

त्या वर्षी दोन्ही गटांनी एकाच आठवड्यात आपापली राष्ट्रीय स्पर्धा ठेवली होती. कुठली खरी, हे कुणालाच कळत नव्हतं, असं मी चौकशीत सांगितलं. तू संघ मला न विचारता नेलास, असंही सांगितलं. बजरंग, मला कळलेलं होतं. संघ निघायच्या दोन दिवस आधी क्रीडा खात्याचं पत्र आलं होतं, की ही स्पर्धा अमान्य आहे, संघ पाठवू नये. माझ्या रोजनिशीत ९ नोव्हेंबरच्या पानावर ते स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याच्याखाली लिहिलंय, "ब्लेझर शिवून आला. खांदे बरोबर बसले."

कारण तेवढंच. त्या स्पर्धेच्या पंचांच्या यादीत माझं नाव पहिल्यांदा आलं होतं. खिशावर मंडळाचं चिन्ह असलेला निळा ब्लेझर. पत्र दाखवलं असतं तर तू संघ थांबवला असतास, आणि मग मलाही पंच म्हणून जाता आलं नसतं. मी ते कपाटात ठेवलं, आणि तुला म्हणालो, "जा, सगळं ठीक आहे." सहा पोरं गेली. मी पंच म्हणून आधीच तिथं होतो; संघ आलाय हे तिथंच कळलं, असं चौकशीत म्हणालो. आरोहीनं सुवर्ण आणलं. पोलीस भरतीत ते प्रमाणपत्र टेबलावरून परत सरकवलं गेलं. लोक तुझ्या दारात आले, माझ्या नाही.

चौकशीच्या दिवशी पट्टा सोडून माझ्यासमोर ठेवलास. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेच्या दिवशी आपण एकमेकांना बांधले होते, तोच. "गाठ तुझी हाय, तूच ठेव," इतकंच म्हणालास. तुला तेव्हाच कळलं होतं का? हा प्रश्न मी रोजनिशीत किती वेळा लिहिला, ते मोजायचं धाडस नाही.

शुक्रवारी मी मंडळाला रजिस्टर पोस्टानं रोजनिशीच्या त्या पानाची प्रत, नवी ओळ आणि पंच समितीचा राजीनामा पाठवला. नवी ओळ अशी: "२०११: बीडचे सचिव शिवशरण यांनी स्पर्धा अमान्य असल्याचे पत्र प्रशिक्षकांपासून लपवले. प्रशिक्षक बजरंग निर्दोष." आरोहीची भरतीची वर्षं कुणालाच परत देता येणार नाहीत, हेही त्याखाली लिहिलं. आधी पाठवलं, मग तुला लिहायला बसलो. उलट केलं असतं, तर खरं बोलायच्या बदल्यात तुझ्याकडे माफी मागितल्यासारखं झालं असतं. तरीही हे पत्र माझ्याच समाधानासाठी आहे का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

तुझा पट्टा माझ्याकडे पेटीत आहे. काळा पट्टा धूत नाहीत, म्हणून धुतला नाही. आणू का? पण तलवाड्यात तो आता खालचा पट्टा आहे.

येत्या रविवारी सकाळी येतो. मैदानाच्या दारातून नुसत्या हाताच्या खुणेनं परत जा म्हणालास, तरी परत जाईन. तसं म्हणाला नाहीस, तर रांगेच्या अगदी शेवटी, संस्कृतीच्याही मागे उभा राहीन. नियमाप्रमाणे तू आधी वाकशील. फक्त एकदा, तुझ्या आधी मला वाकू दे. ठराव मोडल्याची नोंद मी स्वतःच्या हातानं करीन.

अजून कुठलाच पट्टा नसलेला,
शिवशरण