रिकाम्या रकान्यातली रेघ

शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ मार्च

प्रिय माया,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता; पण तुझा आवाज ऐकला की मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून देईन. माळशिरसच्या शाळेत तू विज्ञान शिकवतेस आणि मुलं तुझ्या तासाला जागची हलत नाहीत, असं आपल्या वर्गातल्या सुकन्याकडून कळतं.

लॅब तशीच आहे. मशीनच्या खोलीतल्या एसीत गारठायला व्हायचं म्हणून तू घरून घोंगडं आणलं होतंस. त्यात पाय गुरफटून आपण रेघा उमटायची वाट बघायचो. चरबी साठलेल्या यकृतात ते एक एंझाइम कमी होतं, हे आपल्या गाइड सरांना सिद्ध करायचं होतं. अँटिबॉडी नवी होती. फक्त त्याच एंझाइमला चिकटते, असं कंपनी सांगत होती. जिथे एंझाइम, तिथे काळी रेघ. तू एक नमुना जास्तीचा लावलास, पुण्याहून मागवलेला, ज्या उंदराच्या यकृतात ते एंझाइम मुळी नसतंच. तो रकाना कोरा राहायला हवा होता. तिथेही रेघ उठली.

तू तीनदा केलंस, तिन्ही वेळा उठली. ही अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय, असं तू सरांना सांगितलंस. त्यांनी तुझ्या हाताला दोष दिला, नमुने मिसळले असतील म्हणाले. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या मुलीला पिपेट धरायला वेळ लागणारच, असंही सगळ्यांसमोर म्हणाले. काहीजण हसले. मीही हसले, माया. तू बघितलंस की नाही, मला माहीत नाही.

मग तोच प्रयोग त्यांनी मला करायला दिला. संध्याकाळी जिन्यात थांबवून तू विचारलंस, "आरोही, तुला बी दिसली का गं रेघ?"

मी "नाही" म्हणाले. तू नुसती स्वतःच्या हातांकडे बघत राहिलीस. पुढच्याच महिन्यात तू पीएचडी सोडलीस, आणि माझा प्रबंध त्याच प्रयोगावर पुरा झाला.

गेल्या महिन्यात कंपनीनंच कळवलं की ती अँटिबॉडी यकृतातल्या आणखी एका प्रथिनाला चिकटते. चौकशी समिती बसली. सर निर्धास्त होते. दोष कंपनीचा, आपल्याला कुठे ठाऊक होतं, म्हणाले. जुन्या वहीत तुझं नाव सापडलं म्हणून समितीनं तुलाही विचारलं. तुझं उत्तर सरांनी काल मला वाचून दाखवलं. हायसं वाटलं होतं त्यांना. तू लिहिलं होतंस, "माझाच हात कच्चा होता."

चार वर्षं तू हेच धरून बसली असशील, हे काल पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. माया, मला रेघ दिसली होती. पहिल्याच खेपेला, तुझ्याहून ठळक. फोटोतला तेवढा रकाना मी कापून टाकला. मूळ फोटो माझ्याकडे होता, तो आज दुपारी समितीकडे देऊन आले. माझ्या पदवीचं जे व्हायचं ते होईल. क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. समितीचा फोन येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. तुझा हात कधीच कच्चा नव्हता.

तुझीच म्हणवून घ्यायला धजत नसलेली,
आरोही