ज्याची पाठ, त्याला न विचारता

प्रिय आण्णा,

काल वैनी कोडोलीच्या पाहुण्यांना सांगत होती, "भावजींनी भावासाठी लई केलं. असला भाऊ मिळाय नशीब लागतंय." मी मान खाली घालून चहा पीत बसलो. तू जाऊन दीड महिना झाला, अजून मी कुणापाशी खरं बोललेलो नाही. म्हणून आधी तुलाच लिहितो.

कळंब्याच्या बांधकामावरून पडलास आणि तुझा मणका चेपला. डॉक्टरांनी आत बोलावलं ते मला. का? मी कचेरीत कारकून, इंग्रजी वाचणारा. तू सहीपुरता शिकलेला सेंट्रिंग मिस्त्री. त्यांनी कागदावर दोन चित्रं काढली. एक ऑपरेशन पाठीकडून. मणक्याच्या दोन्ही अंगांना पोलादी सळया आकड्यांनी अडकवायच्या. ते इथं होण्यासारखं होतं. दुसरं छाती उघडून, बरगडी काढून. चेपलेलं हाड काढायचं आणि त्या जागी पुढून बरगडीचा तुकडा बसवायचा. त्याला मुंबई गाठावी लागणार, जिवाला धोकाही जास्त.

"दोन्हीत गुण आहेत, दोन्हीत दोष आहेत," ते म्हणाले. "भावाशी बोला आणि सांगा."

मी बोललो नाही, आण्णा. छाती उघडायची म्हटल्यावर माझीच पाचावर धारण बसली. आणि आपल्यात आजाऱ्याला असलं कोण सांगतं? व्हरांड्यात एक फेरी मारली आणि पाठीकडून करा म्हणून सांगून आलो. तू विचारलंस, "काय म्हंत्यात?" मी म्हणालो, "डॉक्टर बगत्यात की सगळं."

जन्मभर तू दुसरं काय केलंस? स्लॅबचं ओझं कुठं येतं ते बघून त्याखाली टेकू दिलास. एकदा डबा घेऊन आलो तेव्हा गड्याला झापत होतास, "मागनं बांधून काय उपेग? वजन हितं येतंय, टेकू हितं लाव." डॉक्टरांचा तो कागद तुला एका नजरेत कळला असता. मी तो घडी करून खिशात ठेवला.

चार महिन्यांनी वरचा आकडा सुटला. पाठ पुढं वाकली, मग अंथरुणाच्या जखमा, मग ताप. शेवटच्या आठवड्यात तू म्हणालास, "त्या डॉक्टरला काय कळतंय? म्होरनं टेकू नको व्हय?" वर दोन शिव्या हासडल्यास. मी मान डोलावली. त्या भल्या माणसाच्या माथी माझं पाप मारलं आणि तुझ्या उशाशी बसून राहिलो.

तू गेल्यावर डॉक्टरांना जाऊन विचारलं, दुसरं ऑपरेशन केलं असतं तर? म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित टेबलावरच गेले असते." त्यांना वाटलं, मला हलकं वाटेल. नाही वाटलं. टेबलावर गेला असतास, तरी स्वतः ठरवून गेला असतास. आता मला कशातच राम वाटत नाही. कचेरीत कुणी सही मागितली तरी हात थांबतो.

रविवारी वैनीला सगळं सांगणार आहे. दार लावून घेतलं तर घेऊ दे. डॉक्टरांना दिलेल्या शिव्याही माझ्या नावावर करून घेईन. एवढं वचन देतो. माफ केलंस असं मात्र मानणार नाही. तेही तुला न विचारताच ठरवल्यासारखं होईल.

तुझा धाकटा,
शामा