माझी मालमत्ता आणि गोविंदा डोंगरे का बसला याची हकीकत

“तो मारते कमी अन् खाते जास्त. अशाले पोरगी काहून देऊन राहिला गा?” असं माझे मामा गोपाळराव मुष्टियुद्ध खेळणाऱ्या गोविंदाविषयी माझ्या वडिलांना म्हणाले होते. मी आतल्या खोलीत चहा गाळत होते. वडील म्हणाले, “खाऊन उभा तर राहते न!” त्यावर दोघे हसले आणि माझं लग्न ठरलं.

मी, जयवंता गोविंदा डोंगरे, वय शेहेचाळीस, राहणार इंदोरा, नागपूर, महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणाचा धाकही नाही. माझ्या पोटातल्या गाठीबद्दल धंतोलीच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सरळ सांगितलं आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं ठिकाणावर नसणं म्हणजे काय ते मी घरात रोज पाहते, म्हणून तो दाखला मी दोनदा वाचला आणि जपून ठेवला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यजमानांच्या आधी मी जाईन असं कधी मनात आलंच नव्हतं.

कलम एक. इंदोऱ्यातलं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. ते माझी मुलगी प्रेमलता हिला द्यावं. तिचे वडील जिवंत आहेत तोवर ते विकू नये, गहाण ठेवू नये, आणि पुढच्या खोलीतली त्यांची खाट हलवू नये. खाट हलली की ते भिंतीवर आदळतात. जावई रविंद्र हिंगण्याला कारखान्यात आहेत. त्यांनी इथे राहायला यायचं कबूल केलं आहे. त्यांचे उपकार मी तोंडाने मानले नाहीत, ते इथे मानते.

कलम दोन. फंडाची रक्कम आणि पोस्टातली शिल्लक यजमानांच्या औषधपाण्यासाठी ठेवावी. ती प्रेमलताने काढावी. त्यांच्या हातात नोटा देऊ नयेत. नोटा पाहिल्या की ते घाबरतात. का, ते पुढे येईल.

कलम तीन. शिवणयंत्र शेजारच्या यमुताईंना द्यावं. त्यांनी माझी पितळी परात नेली ती परत केली नाही, त्यावरून आम्ही वर्षभर बोललो नाही. परातही त्यांनीच ठेवावी. मला दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांनीच माझं डोकं मांडीवर घेतलं होतं.

कलम चार. यजमानांचे मुष्टियुद्धाचे ग्लोज, उडी मारायची दोरी, आणि मी शिवलेला निळा साटनचा झगा. या वस्तू कोणत्याही व्यायामशाळेच्या कपाटात जाऊ नयेत. यजमानांचे उस्ताद बाबाराव यांच्या व्यायामशाळेचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा ग्लोज मागायला माणूस आला होता. त्या भिंतीवर सगळ्या चेल्यांचे फोटो आहेत, फक्त गोविंदा डोंगरेचा नाही. फोटो नको आणि ग्लोज हवेत, हे कसं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “मले काय मालूम बाई, मले तं फक्त आनाले सांगितलं.” वस्तू प्रेमलताकडे राहाव्यात. झगा तिने पोराच्या दुपट्यासाठी फाडला तरी चालेल. कापड चांगलं आहे.

यजमान कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. बाबाराव कामठीहून पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी गिरणीतल्या चार-दोन पोरांना मुष्टियुद्ध शिकवायला घेतलं. त्यांतले यजमान तेवढे टिकले. लग्नानंतर ते तिकीट लावून होणाऱ्या लढतींत उतरू लागले. जबलपूर, रायपूर, कलकत्ता, एकदा मुंबई. गिरणीतून बिनपगारी रजा घ्यायचे, परत आले की मी मिठाच्या पाण्याने शेकायची. लग्नाच्या फोटोतलं त्यांचं नाक नंतरच्या कोणत्याच फोटोत सापडत नाही. जिंकून आले की प्रेमलताला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. हरून आले तरी जायचे. ते कधी पडले नाहीत, हेच त्यांचं नाव होतं. लोक म्हणायचे, डोंगरेले हरवता येते, पाडता येत नाही.

कलम पाच. यजमानांविषयी. वकील म्हणाले, “बाई, माणूस मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.” मी म्हटलं, “मग माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काय आहे?” तेव्हा खालच्या गोष्टी ‘सूचना’ म्हणून लिहायला त्यांनी हरकत घेतली नाही.

त्यांच्याशी उजव्या बाजूने बोलावं, डावा कान गेला आहे. मागून हात लावू नये. चहा अर्धा कप द्यावा, हात थरथरतो. जेवल्यावर पुन्हा जेवायला मागतात, तेव्हा “आत्ताच तं जेवले” असं म्हणू नये, त्यांना लाज वाटते. एक गुळाचा खडा द्यावा. प्रेमलताला ते माझ्या नावाने हाक मारतील. तिने ओ द्यावी.

आणि रोज संध्याकाळी ते एक प्रश्न विचारतील. त्याचं काय करायचं, हे मला ठरवता आलेलं नाही. त्यासाठी पुढची हकीकत लिहावी लागते.

कलम सहा. कोंबड्यांची झुंज पाहावी तसे लोक ओरडतात, त्यात यजमानांना घंटा ऐकू येत नसे. म्हणून बाबारावांनी त्यांना पहिल्यापासून एक सवय लावली. “घंटा आयकू नोको. माहं आयक. मी बस म्हनलं का बसाचं.” राउंड संपला की कोपऱ्यातून बाबाराव ओरडत, “बस!” आणि यजमान मागे न पाहता बसत. स्टूल बरोबर तिथे आलेलं असे. सगळ्या गोंगाटात तेवढा एक शब्द त्यांच्या कानात शिरत असे.

एकोणीसशे अडुसष्टच्या जानेवारीत मैदानावरच्या तंबूत कलकत्त्याच्या माणसाशी लढत होती. तिकिटं संपली होती. मी त्यांच्या कोपऱ्याच्या मागे, दोरीपासून दोन हातांवर होते. सातव्या राउंडला यजमानांची भुवई फुटली. रक्त छातीवर आलं. ते दोरीला पाठ लावून मार खात होते आणि पडत नव्हते. रेफरी थांबवत नव्हता. रिंगणात टाकला की लढत थांबते, तो टॉवेल बाबारावांच्या खांद्यावर होता. त्यांनी तो टाकला नाही, कारण त्यांनी तो आयुष्यात कधी टाकला नव्हता, आणि हे ते सगळ्या नागपूरला सांगत आले होते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेफरीकडे हात करून ते ओरडले, “बस! अरे, बस करा न!”

रेफरीपर्यंत ते गेलं नाही. यजमानांपर्यंत पहिला शब्द गेला.

ते बसले. मागे स्टूल आहे असं धरून बसले आणि खाली आदळले. पाठ सरळ, हात मांडीवर, तोंड उघडं, पाण्याची वाट पाहत. आधी लोक हसले. रेफरी आकडे मोजू लागला. यजमान बाबारावांकडे पाहत होते, राउंड संपला असं समजून. दहा झाले तेव्हा तंबूत कोणीतरी ओरडलं, “बसला! पैसे खाऊन बसला!” मग खुर्च्या तुटायला लागल्या.

लोक कोपऱ्याकडे धावून आले तसे बाबाराव लोकांसारखेच ओरडले, “काहून बसला बे?”

यजमान म्हणाले, “तुमीच तं म्हनलं न, उस्ताद.”

बाबाराव म्हणाले, “मी? मी कुठं म्हनलं?”

यजमानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. पुन्हा कधी, कोणालाही, त्यांनी ते सांगितलं नाही. मी भांडले तेव्हा म्हणाले, “उस्तादाले चारचौघांत खोटा पाडू काय मी?” मी सांगत फिरले. लोक म्हणाले, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार.

त्यानंतर कोणी त्यांना लढतीला बोलावलं नाही. गिरणीत त्यांना ‘बस्या’ म्हणू लागले. बाजारात मी बस्याची बायको झाले. तंबूतल्या रात्रीनंतर शाळेत गेले, प्रार्थना झाली, पोरं उभी होती, आणि ‘बसा’ हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. शेवटी पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, “बाई, पाय दुखून राहिले न.” घरात तर आम्ही तो शब्द टाकूनच दिला. पाहुणा आला की “टेका” म्हणतो.

आता त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट पुसली जाते आहे. जबलपूर गेलं, कलकत्ता गेलं, उस्तादांचा आवाजही गेला. लोकांनी जे म्हटलं ते मात्र राहिलं. दिवेलागणीला ते विचारतात, “जयवंता, किती पैसे घेतले होते वं मी?”

“काहीच घेतले नाही तुमी.”

“मंग बसलो काहून?”

“उस्तादांनी बस म्हटलं म्हणून.”

“उस्ताद असं म्हननारच नाही. खोटं काहून बोलून राहिली वं? मले बरं वाटावं म्हून?”

आणि ते रडतात. ज्यांनी छदाम घेतला नाही, ते पैसे घेतल्याच्या शरमेने रडतात. माझं ते ऐकत नाहीत. प्रेमलताचं ऐकणार नाहीत. त्यांचा विश्वास आजही एकाच माणसावर आहे.

पोळ्याच्या आठवड्यात मी बाबारावांकडे गेले होते. आत भिंतीवर रंगाने लिहिलं आहे, ‘या व्यायामशाळेत टॉवेल टाकत नाहीत.’ ते उठून म्हणाले, “या, जयवंताबाई, बसा न.” शब्द ध्यानात आला तसा त्यांचा हात खुर्चीवरच राहिला. मी उभीच राहिले.

“उस्ताद, एकदा घरी येऊन त्याईले सांगा. तुमी बस म्हनलं होतं, एवढंच.”

“इतके वर्सं झाले. आता काहून उकरून राहिल्या?”

“ते रोज इचारते.”

“मले तं आठवतही नाही, बाप्पा.”

मी निघाले. दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “गोविंदा जेवते का नीट?” मी म्हटलं, “जेवते.”

कलम सात. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावेत. यजमानांना घाटावर नेऊ नये. मी शाळेत गेले आहे असं सांगावं.

कलम आठ. या मृत्युपत्राची व्यवस्था आमचे मुख्याध्यापक कृष्णकांत देशपांडे यांनी पाहावी, आणि हे शेवटचं कलम उतरवून बाबारावांना नेऊन द्यावं.

उस्ताद, त्या तंबूत एवढी माणसं होती. यजमानांना पडणारा मार थांबावा असं तुम्हाला आणि मला, दोघांनाच वाटलं. तुम्ही बस म्हणालात, त्याचा मी कधी राग धरला नाही. मी तुमच्या जागी असते तर तेच ओरडले असते. राग पुढच्या वाक्याचा आहे. तोही आता वागवायला माझ्यात जीव नाही.

तुम्ही भिंतीवरचं पुसू नका. लोकांना काही सांगू नका. गोविंदाचा फोटो लावू नका. फक्त एका संध्याकाळी घरी या, त्यांच्या उजव्या कानाशी वाका, आणि तुम्ही काय ओरडला होतात ते सांगा. तुम्ही सांगितलं तर ते मानतील. दुसऱ्या दिवशी विसरतील. म्हणून दुसऱ्या दिवशीही या. ते असतील तोवर या.

तुम्ही नाही म्हणाल हे धरूनच मी खाली सही करते.

नागपूर, दिनांक १८ नोव्हेंबर १९८३

जयवंता गोविंदा डोंगरे

आमच्यासमोर त्यांनी हे पूर्ण वाचलं आणि सही केली. वाचताना त्या दोन वेळा थांबल्या, ते आजारामुळे.

साक्षीदार:
कृष्णकांत देशपांडे, मुख्याध्यापक
कुसुमताई वासनिक, सहशिक्षिका