फाईलरीडरच का घेतला

सोमवार, ३ मार्च
आमच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम लिहायचं काम मिळालं — मला एकटीला! टाइपिस्टबाईंनी बारा वर्षं टाइप केलेली रुग्णांच्या नावांची फाईल वाचायची, प्रत्येकाला तपासणीची तारीख छापायची. पण प्रोग्रॅममध्ये फाईल वाचायला घ्यायचं काय? तयार साधनं तीन. फाईलरीडर एका ओळीत उरकतो. अक्षरं कशी ओळखायची, हे तो ज्या संगणकावर चालतो त्याच्यावर सोडतो. इनपुटस्ट्रीमरीडरला ते आपण सांगायचं. त्यावर बफर्डरीडर चढवला की ओळच्या ओळ वाचता येते.

अण्णा गॅरेजमधून आले, हात पुसत म्हणाले, "एक फाईल वाचायला तिघं? आणि घरातली पहिली पदवीधर कशाला ठेवलीय?"

आई हसली. मी नाही.

मंगळवार, ४ मार्च
फाईलरीडर. माझ्या संगणकावर सगळी नावं स्वच्छ. साधेपणा हे माणसाचं तत्त्व असावं.

गुरुवार, ६ मार्च
दवाखान्यातल्या जुन्या संगणकावर नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटल्या. तीनशे चिठ्ठ्या रद्दीत. साहेब म्हणाले, "बाईंनी टाइप करतानाच घोळ घातलाय. पुरे झालं, आता त्यांना घरी बसवू." बाई म्हणाल्या, "असेल हो. डोळे कुठे साथ देतात आता." आणि चहा प्यायला गेल्या.

घोळ माझा आहे. त्या संगणकाची अक्षरं ओळखायची पद्धत जुनी, फाईलरीडरने तीच धरली. हे कुणाला कळणारही नाही. आणि मी नोकरीत कायम व्हायला आठ दिवस उरलेत.

जेवण गेलं नाही. अण्णा म्हणाले, "तिघांपैकी कोण आजारी पडलं?"

शुक्रवार, ७ मार्च
सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. 'बाईंचा काही दोष नाही' हे दोनदा म्हटलं. माझं कायम होणं तीन महिने पुढे गेलं. जाऊ दे. संध्याकाळपर्यंत इनपुटस्ट्रीमरीडर लावला, पद्धत स्वतः लिहून दिली, वर बफर्डरीडर. जुन्या संगणकावरही एकूण एक नाव नीट उमटलं. बाईंची नोकरी वाचली. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

शनिवार, ८ मार्च
बाईंनी जिन्यात गाठलं. वाटलं, आभार मानतील.

"दोन वर्षं सुटका मागतेय गं मी, लेकीकडे जायचंय. साहेब सोडेनात. परवा कुठे स्वतःहून घरी बसवायला निघाले होते — तर तू उभी राहिलीस खरं बोलायला!"