भुशाखालचं बिस्किट

२ डिसेंबर, सोमवार
दिग्रसला पोचले. ज्या कॉन्व्हेंटात शिकले तिथंच एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर पुतण्यांची पोरं खेळवत बसणाऱ्यांतली मी नाही. इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या वासाच्या चाचण्या नोंदवायचं काम मिळालं. उंदीर रात्रभर उपाशी ठेवायचा, सकाळी भुशाखाली बिस्किटाचा तुकडा पुरायचा आणि किती सेकंदांत तो हुंगून काढतो ते मोजायचं. बारा पांढरे उंदीर. खिडकीतून जिनिंगचे कापसाचे ढीग दिसतात. मजेत आहे.

५ डिसेंबर
उंदीर सांभाळणारी बबिता. तांड्यावरची, बारावी पास. पावडर लावून येऊ नका, असं मला सांगते. मला! अंगाच्या वासानं उंदीर बिचकतात म्हणे. नियम बरोबर आहे, सांगायची तऱ्हा नाही. पण जिव्हारी लागलं ते वेगळंच. तिनं पिंजऱ्यात हात घातला की उंदीर तळहातावर चढतात. माझा हात दिसला की कोपऱ्यात दाटी करतात. प्रमुख डॉ. राजदीप कौतुकानं म्हणाले, बबिताचा हातगुण. असल्या लाडावलेल्या मुलींना मी वर्गात बाकावर उभं करीत असे.

९ डिसेंबर
बिस्किटाचा चुरा बोटांना, मनगटाला चोळून गेले. बेइमानी आहे, ठाऊक आहे. पण बाराही आले! एक तर कोपरापर्यंत. बबितानं ओळखलंच. "मॅडम, कायले हे करून राह्यल्या तुमी? तुमचा हातच त्याइले खाणं वाटन. मंग सोडणार नाईत." मी म्हटलं, जळू नये माणसानं. "मी? उंदरावरून?" म्हणून फिदीफिदी हसली.

१२ डिसेंबर
उलट बोलते म्हणून डॉ. राजदीपांकडे तिची तक्रार केली. त्यांनी तिला खाली बाटल्या धुवायला पाठवलं. आता बाराही माझे.

१६ डिसेंबर
चार दिवस चुरा लावलेला नाही. हात साबणानं तीनतीनदा धुते. तरी बाराही जाळीला नाक लावून माझ्याकडे. भुशातल्या बिस्किटाला एकानं तोंड लावलं नाही. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. बारा नाकं वळली.

१८ डिसेंबर
एका उंदराचा करंगळीला चावा. मग चाटत बसला. लाडानं नव्हे. शेजारच्या खोलीतले, ज्यांना मी कधी शिवलेही नाही, तेही सगळे माझ्या बाजूच्या भिंतीला —

१९ डिसेंबर, भर दुपार
पिंजरे कुरतडून रिकामे. टेबलावर चढून लिहिते आहे. खाली सगळं पांढरं. बारा नव्हेत — मोजता येत नाहीत. दार त्यांच्या पलीकडे.
शेवटी हाक मारली. तिलाच.
आली. दारात बसून हात पसरलाय. अख्खा पुडा फोडून ओतलाय. मला हालू नका म्हणते.
एक तिच्याकडे वळला. मग दुसरा. तिच्या हातावर — पुन्हा तिच्याच —
मला नाही सहन झालं. डावा हात खाली सोडला.
परत फिरले. सगळे. बबिता किंचाळते आहे, हात वर घ्या म्हणून. बघ म्हणावं. तिच्याकडे एकही नाही, एकही —