पूल झाला की मनकर्णा येईल

१२ नोव्हेंबर १९५६
एटापल्लीच्या वाटेवरच्या नाल्यावर पूल बांधायचं काम आलं. चांद्याच्या ऑफिसनं मुद्दाम मलाच निवडलं. बाकीचे दोघे ओव्हरसियर हिवतापानं आडवे आहेत, तो योगायोग. नाल्याच्या अलीकडे माझं बिऱ्हाड, पलीकडे दोन मैलांवर बायकोचं, मनकर्णेचं माहेर. माझी आई वारल्यापासून ती तिथेच आहे. आईच्या आजारपणात मी सर्व्हेवर होतो, सगळं तिच्या एकटीवर पडलं, असं ती म्हणते. असेल. पण खरी अडचण नाल्याची. बाईमाणसानं पाण्यातून यावं तरी कसं? पूल झाला की येईल.

१९ नोव्हेंबर
दगडी कमान करणार. वजन आलं की कमान वाकत नाही, दोन्ही काठांना बाहेर ढकलते. काठ हटले नाहीत तर शंभर वर्षं बघायला नको. ड्रॉइंग फर्स्टक्लास. उद्या स्वतः पलीकडे जाऊन मनकर्णेला दाखवणार.

२० नोव्हेंबर
गेलो नाही. पाणी घोट्याएवढंच होतं, पण बूट नवे आहेत.

८ डिसेंबर
पलीकडचा काठ खणला. नुसती वाळू. कमानीचा जोर सोसणार नाही. कमान रद्द. तिकडचा काठ धरून ठेवत नसेल तर माझा काय दोष?

२ जानेवारी १९५७
झुलता पूल! काठांवर उंच खांब, खांबांवरून पोलादी तार, तारेला टांगलेला रस्ता. सगळा भार तारेच्या ओढीवर. तारेची टोकं जमिनीत पक्की गाडली की झालं. साहेबांकडे ड्रॉइंग धाडलं.

१५ जानेवारी
साहेबांचं उत्तर: तिथून बैलगाड्या जायच्या आहेत, सर्कस नाही. लाकडी तुळया टाका. कदर नाही. आजपासून चहा बंद.

१६ जानेवारी
चहा घेतला. थंडी फार.

१० मार्च
तुळयांचा पूलही काही कमी नाही. तुळई काठांना ढकलत नाही, नुसती त्यांच्यावर बसते. पाया खोल नेला की वाळूचा काठही चालतो. भाराखाली तिचं वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं, बाहेरून काही दिसत नाही. मला हा प्रकार आवडू लागला आहे.

नाला पार आटला. पलीकडच्या बाया मोहफुलं वेचायला इकडे येतात. मुकादम डोमा तंबाखूसाठी रोज तिकडे जातो. त्याच्याजवळ मनकर्णेला निरोप दिला, थोडी कळ काढ, काम जोरात आहे. परत येऊन म्हणाला, "बाईले निरोप सांगतला साहेब. धान कांडून राह्यल्या होत्या." म्हणजे वाट पाहते आहे.

२१ एप्रिल
मीच जाऊन यावं म्हणतो. पण वाळू तापते. हल्ली दिवसभर काही वाटत नाही. बरं नाही, वाईटही नाही. जेवलो का, तेही आठवत नाही. उन्हाचा परिणाम.

१४ मे
पूल झाला. दगडांनी भरलेली गाडी नेऊन पाहिली. तुळया बोटभरही वाकल्या नाहीत. डोमाबरोबर सांगावा धाडला: आता बिनधास्त ये.

१६ मे
सकाळी पलीकडून गाडी येताना दिसली. घाईघाईनं दाढी केली, धुतलेला सदरा घातला, पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. गाडीत मेव्हणा मुखरू एकटाच. म्हणाला, "भाऊजी, बाईनं तिचं सामान आनाले सांगतलं. जातं वजनदार, वाळूत चाकं रुतली असती. पूल झाला, बरं झालं."

जातं, पेटी, पाण्याचा पितळी गुंड, दोन सतरंज्या. जातं चढवताना मीच हात लावला. चहा घे म्हटलं. ऊन व्हायच्या आत पोचायचं म्हणाला.

गाडी पुलाच्या मध्यावर होती तेव्हा भार दोन्ही काठांवर सारखा होता. पुढे गेली तसा इकडचा कमी होत गेला, तिकडचा वाढत गेला. शेवटी इकडे काहीच राहिलं नाही. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

दुपारी साहेबांना कळवलं, पूल वाहतुकीस योग्य आहे.