पाँडिचेरी पडली

कोल्हापूर, रविवार, दिवेलागण

उचगावला दस्तगीरकडे जाऊन आलो. जायला नको होतं? छे, असं कसं म्हणू.

शाळेत मास्तरांनी इंग्रज-फ्रेंचांची लढाई शिकवली, की रविवारी आम्ही दोघं ती कळंबा तलावावर लढायचो. उसाच्या चिपाडांची गलबतं, त्यांना पळसाच्या पानांची शिडं. वारा सुटला की काय फुगायची ती! गलबतं सोडताना मी चालीवर कविता म्हणायचो, तो ऐकत बसायचा. मी इंग्रज, तो फ्रेंच. पुस्तकात फ्रेंच हरले, त्यांची पाँडिचेरी पडली, म्हणून दरवेळी त्यानंच हरायचं, आणि तो हसत हरायचा. म्हातारे झालो तरी मी त्याच्या दारातून ओरडायचो, "पाँडिचेरी पडली रे!" आतून तो गरजायचा, "पडू दे की! उद्या परत घेतो!"

आज त्याची सून शबाना दारातच म्हणाली, "चाचा, अब्बांना आता माणसं वळखू येईनात." तरी मी ओरडलो. वाटलं, माणूस विसरेल, पाँडिचेरी कशी विसरेल?

दस्तगीर दचकला. "कोण पडलं? लागलं का?" मग मला बघून सावरून बसला. "या पावणं. शबाना, पावण्यास्नी चहा टाक की."

पावणं! मला. पाँडिचेरीचं नाव पुन्हा काढायचा धीर झाला नाही.

"कुठलं म्हणायचं, पावणं?"

"कोल्हापूरचा."

त्याचा चेहरा उजळला. "तिथं माझा दोस्त हाय. लई गोड कविता म्हणतोय. भेटला तर सांगा, दस्तगीर वाट बघतोय. लई दिवस झालं, आला न्हाय."

"सांगतो," म्हणालो.